मोटारसायकलीचा फ्यूज : योग्य निवड कशी करावी

खेड्यातील मोटारसायकल ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोहोचविणे, भाजीच्या करंड्या बाजारात नेणे, खताचे पोते शेतावर आणणे, रात्री पाण्याची पाळी धरण्यासाठी विहिरीवर जाणे, आजारी माणसास दवाखान्यात नेणे, ही सारी कामे आज १०० ते १२५ सी.सी.च्या लहान गाडीवर होतात. या गाडीचे तेल, चाकातील हवा आणि साखळी यांकडे शेतकरी लक्ष देतो. परंतु तिच्या विजेच्या व्यवस्थेचा पहारेकरी म्हणता येईल असा जो काही रुपयांचा फ्यूज, त्याकडे मात्र तो उडेपर्यंत कोणाचेही लक्ष जात नाही.

फ्यूज उडाला म्हणजे हॉर्न वाजेनासा होतो आणि इंडिकेटर बंद पडतात. रस्त्यात दुसरा फ्यूज मिळत नाही. मग कोणी तारेचा तुकडा पिळून बसवितो, कोणी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून घालतो, तर कोणी १० अँपिअरच्या जागी हाताशी असलेला ३० अँपिअरचा फ्यूज दडपतो. गाडी पूर्ववत चालू लागते आणि गोष्ट विसरली जाते. खरा धोका येथूनच सुरू होतो. तीच गाडी रात्री गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा घराच्या पडवीत उभी असते, आणि तिच्या पेट्रोलच्या टाकीखालून विजेच्या तारा गेलेल्या असतात. यास्तव फ्यूजचे काम काय, तो कसा निवडावा आणि तो वारंवार उडू लागल्यास काय करावे, याची माहिती प्रत्येक गाडीमालकास असणे अगत्याचे आहे.

फ्यूजचे कार्य

तारेतून वीज वाहू लागली की तार थोडीबहुत तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होता चौपट होते, आणि प्रवाह तिप्पट झाला तर नऊपट होते. फ्यूज म्हणजे या नियमाचा उपयोग करून मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा होय. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की फ्यूजमधील बारीक पट्टी इतर कोणतीही तार तापण्यापूर्वी वितळते आणि मार्ग तुटतो. शेताच्या बांधाला सांडवा ठेवतात तो बांध वाचावा म्हणून. फ्यूजची योजनाही तशीच आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज हा दिव्याच्या किंवा हॉर्नच्या रक्षणासाठी असतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो मुख्यतः तारांच्या रक्षणासाठी असतो. दिवा जळाला तर दिवा बदलता येतो. परंतु सर्व तारा एकत्र बांधलेल्या असतात. त्यांतील एक तार जळाली तर तिचे प्लॅस्टिकचे वेष्टन वितळते, शेजारच्या तारा उघड्या पडतात, आणि पाहता पाहता संपूर्ण वायरिंग निकामी होते. म्हणून फ्यूजचा आकडा ठरविताना, ज्या तारेवर तो बसवायचा आहे तिला किती प्रवाह सोसतो, हा पहिला प्रश्न होय.

मोठा फ्यूज घालण्यात धोका कोणता

लहान गाडीच्या बॅटरीची दोन्ही टोके सरळ एकमेकांस भिडली तर शंभर अँपिअरपेक्षाही अधिक प्रवाह क्षणभर वाहू शकतो. अशा वेळी १० अँपिअरचा फ्यूज तत्काळ उडेल आणि ३० अँपिअरचाही उडेल. त्यामुळे काही जणांस वाटते की मोठा फ्यूज घातला तरी काही बिघडत नाही.

पण शेतातल्या गाडीत दोष बहुधा असा एकदम होत नाही. हँडल वळविताना तार सांगाड्यावर घासते, तिचे वेष्टन झिजते आणि आतील दोन-चार पदरच धातूला टेकतात. त्यात चिखलपाणी शिरते. अशा अर्धवट दोषामुळे समजा १८ ते २० अँपिअर प्रवाह वाहू लागला. १० अँपिअरच्या फ्यूजला हा दुप्पट भार झाला. चांगल्या प्रतीचा फ्यूज दुप्पट भारावर पाच सेकंदांच्या आत तुटतो. ३० अँपिअरच्या फ्यूजला मात्र हा भार मर्यादेतलाच वाटतो आणि तो कधीच उडत नाही. इकडे बारीक तार चौपट उष्णतेने तापत राहते. वेष्टन मऊ पडते, गळते, धूर निघतो, आणि जवळच पेट्रोल असते.

तारेचा तुकडा घालणे याहूनही वाईट होय, कारण तो किती अँपिअरला वितळेल हे कोणासही सांगता येत नाही. पाकिटातील चांदीची गोष्टही तीच. पुष्कळ गाड्यांत चावी बंद केली तरी बॅटरीपासून चावीपर्यंतची तार जिवंतच राहते. म्हणून रात्री बंद करून उभ्या केलेल्या गाडीसही आग लागणे शक्य असते. त्या तारेचे रक्षण करणारा एकच उपाय म्हणजे बॅटरीजवळचा योग्य फ्यूज.

प्रवाहाचा हिशेब

कोणत्याही दिव्यावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. वॅटला व्होल्टने भागले असता अँपिअर मिळतात. हा एवढा हिशेब ज्यास येतो, त्यास फ्यूजची निवड समजण्यास अडचण पडत नाही. हल्लीच्या लहान गाड्यांची बॅटरी १२ व्होल्टची असते. साध्या बल्बच्या, कार्ब्युरेटर असलेल्या एका नमुनेदार गाडीचा हिशेब पुढीलप्रमाणे होईल :

मागचा दिवा — ५ वॅट
ब्रेकचा दिवा — २१ वॅट
एका बाजूचे दोन इंडिकेटर, प्रत्येकी १० वॅट — २० वॅट
मीटरमधील लहान दिवे, सर्व मिळून — ६ वॅट
हॉर्न, सुमारे २ अँपिअर — २४ वॅट
एकूण — ७६ वॅट

७६ ला १२ ने भागले असता सुमारे ६.३ अँपिअर येतात. आता ६.३ अँपिअरसाठी ७.५ अँपिअरचा फ्यूज पुरेल काय? फ्यूज सतत काठोकाठ भरलेला ठेवू नये, नेहमीचा भार त्याच्या आकड्याच्या पाऊण भागाहून अधिक नसावा, असा व्यवहारातील नियम आहे. सतत तापून व निवून फ्यूजची पट्टी थकते आणि दोष नसतानाही एके दिवशी तुटते. ७.५ चा पाऊण भाग सुमारे ५.६ होतो. तो कमी पडतो. १० चा पाऊण भाग ७.५ होतो. तो पुरतो. म्हणून या गाडीस १० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो, आणि अशा पुष्कळ लहान गाड्यांत तो तेवढाच असतो.

या हिशेबात हेडलाइट आला नाही, याचे कारण असे की, जुन्या लहान गाड्यांपैकी पुष्कळांत हेडलाइट बॅटरीवर चालत नसून इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जनित्रावर परभारे चालतो. इंजिनाचा वेग कमी झाला की दिवा मंद होतो, ही त्याची खूण होय. ज्या गाडीत ३५ वॅटचा हेडलाइट बॅटरीवर आहे, तेथे एकूण भार १११ वॅट, म्हणजे सुमारे ९.३ अँपिअर होईल. त्यास १५ अँपिअरचा फ्यूज लागेल, किंवा कारखान्याने दोन स्वतंत्र फ्यूज दिलेले असतील. स्टार्टरची मोटर क्षणभर याच्या कितीतरी पट प्रवाह घेते. परंतु तिची जाड केबल बहुधा वेगळी असते व तो प्रवाह या फ्यूजमधून जात नाही. म्हणून बटणाने गाडी सुरू होते एवढ्यासाठी फ्यूज मोठा घालण्याचे कारण नाही.

जुन्या काही गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असते. तेथे २१ वॅटच्या दिव्यास १.७५ ऐवजी ३.५ अँपिअर लागतात. सबब एका गाडीचा आकडा दुसऱ्या गाडीस आंधळेपणाने लावू नये.

तारेची जाडी

हिशेबाने आलेला फ्यूज तारेस सोसणारा आहे किंवा नाही, हेही पाहावे. एकत्र बांधलेल्या तारांस वारा लागत नाही, म्हणून मर्यादा थोडी हात राखूनच धरावी. तांब्याच्या अर्ध्या चौरस मिलिमीटर तारेवर १० अँपिअरपेक्षा आणि एक चौरस मिलिमीटर तारेवर १५ अँपिअरपेक्षा मोठा फ्यूज घालू नये. भार जास्त आणि तार बारीक असा प्रकार असेल, तर तार बदलावी. फ्यूज वाढवून तो प्रश्न सुटत नाही.

हा हिशेब मालकास आपली गाडी समजावी म्हणून आहे. बसवावयाचा आकडा मात्र गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत किंवा फ्यूजच्या डबीच्या झाकणावर दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. डबीत सापडलेल्या फ्यूजवरील आकडा प्रमाण मानू नये. गाडी जुनी घेतलेली असल्यास आधीच्या मालकाने काय बसविले असेल, याचा भरवसा नसतो.

फ्यूजचे प्रकार व रंग

जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे फ्यूज असतात व त्यांचा आकडा टोकाच्या धातूच्या टोपीवर कोरलेला असतो. हल्लीच्या गाड्यांत दोन पात्यांचे प्लॅस्टिकचे फ्यूज असतात. त्यांच्या डोक्यावर आकडा असतो आणि रंगही ठरलेला असतो :

५ अँपिअर — फिकट बदामी
७.५ अँपिअर — तपकिरी
१० अँपिअर — लाल
१५ अँपिअर — निळा
२० अँपिअर — पिवळा
२५ अँपिअर — पांढरा अथवा पारदर्शक
३० अँपिअर — हिरवा

ज्यास वाचता येत नाही त्यानेही आपल्या गाडीचा रंग ध्यानात ठेवला म्हणजे झाले. पात्यांचे हे फ्यूज बहुधा ३२ व्होल्टपर्यंतच्या विजेसाठी केलेले असतात. ते घराच्या किंवा पंपाच्या विजेस कदापि वापरू नयेत. त्याचप्रमाणे घराच्या फ्यूजची तार गाडीत घालू नये. खरेदी करताना आकडा स्पष्ट छापलेला, खात्रीच्या दुकानातील फ्यूज घ्यावा. हलक्या नकली मालात आकडा एक व आतील पट्टी भलतीच, असा प्रकार आढळतो.

नव्या गाड्यांविषयी

१ एप्रिल २०१७ पासून भारतातील नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला राहतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला, आणि तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी विजेवर चालणारा पेट्रोलपंप व इंजेक्टर आले. अशा गाड्यांत एकाहून अधिक फ्यूज असतात आणि मुख्य फ्यूजचा आकडाही मोठा असू शकतो. पुस्तिका पाहिल्यावाचून त्यांत हात घालू नये.

या दोन पिढ्यांतील एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इंजेक्टरच्या गाडीचा मुख्य फ्यूज उडाला तर गाडी जागीच थांबते, त्यामुळे मालकास दुरुस्ती करणे भाग पडते. जुन्या किक मारण्याच्या पुष्कळ गाड्यांत ठिणगीची वीज जनित्राकडून स्वतंत्र येते. तेथे फ्यूज उडाला तरी इंजिन चालते व हेडलाइटही पेटतो. मालकास वाटते, गाडी ठीक आहे. परंतु ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि हॉर्न बंद असतात. मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला किंवा ट्रकला पुढची गाडी थांबत आहे हे कळत नाही. म्हणून रोज गाडी बाहेर काढण्यापूर्वी एकदा हॉर्न वाजवून आणि ब्रेक दाबून मागचा दिवा पाहण्याची सवय ठेवावी.

जादा दिवे व इतर उपकरणे

रात्री शेतावर जाताना वाट दिसावी म्हणून जादा एल.ई.डी. दिवे, मोबाइल चार्ज करण्याचे साधन, मोठ्या आवाजाचा हॉर्न अशी उपकरणे पुष्कळ जण बसवितात. ती सरळ हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या तारेस जोडली जातात. भार वाढतो, फ्यूज उडतो, आणि मग फ्यूज मोठा केला जातो. हा क्रमच चुकीचा आहे.

प्रत्येकी १८ वॅटचे दोन दिवे बसवावयाचे असल्यास भार ३६ वॅट, म्हणजे ३ अँपिअर होतो. त्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र तार न्यावी व तिच्यावर ५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घालावा. हा फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, शक्य तितक्या जवळ असावा. दिव्याजवळ बसविलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करू शकत नाही. बटणावर भार येऊ नये म्हणून जाणत्या मिस्त्रीकडून रिले बसवून घ्यावा. लहान गाडीचे जनित्रही लहान असते. दिवे फार वाढविले तर फ्यूज शाबूत राहूनही बॅटरी उतरेल, हेही ध्यानात घ्यावे.

फ्यूज वारंवार उडत असल्यास

एकदा उडालेला फ्यूज बदलून पाहण्यास हरकत नाही. दुसराही उडाला तर तो दोषाचा निरोप समजावा. उडालेला फ्यूज नीट पाहिला असता दोषाचे स्वरूपही बहुधा कळते. काच काळवंडलेली किंवा आतून चंदेरी झालेली असेल, तर तार सरळ सांगाड्याला भिडली आहे. पट्टी मधोमध नुसतीच तुटली असून काच स्वच्छ असेल, तर भार थोडाफार जास्त आहे किंवा फ्यूज थकलेला आहे. फ्यूज शाबूत पण त्याचे घर वितळलेले असेल, तर पकड सैल अथवा गंजलेली आहे. अशी पकड घासून घट्ट करावी किंवा घर बदलावे.

तारा घासण्याच्या जागा ठरलेल्या असतात : हँडलच्या मानेशी, टाकीखाली, आसनाखाली आणि मागच्या दिव्याकडे जाताना मडगार्डच्या कडेवर. धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, तेही पाहावे.

कार्ब्युरेटरच्या साध्या गाडीत दोष शोधण्याची एक सोपी रीत आहे. फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब तारांनी जोडावा. बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ शकत नाही, म्हणून तारा जळण्याची भीती राहत नाही. चावी चालू करून सर्व बटणे बंद ठेवावीत. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला, तर कोठेतरी तार सांगाड्याला भिडली आहे. आता एकेक जोड सोडवीत जावे. ज्या जोडावर बल्ब विझेल किंवा मंद होईल, त्या शाखेत दोष आहे. बल्ब प्रारंभीच विझलेला असेल, तर हॉर्न, ब्रेक आणि इंडिकेटर एकामागून एक चालू करून पाहावेत व हँडल दोन्ही बाजूंस वळवून पाहावे. नेहमीच्या भाराने बल्ब कमीअधिक पेटेलच. परंतु एखाद्या वेळी तो एकदम पूर्ण प्रकाशाने पेटला, तर दोषाची जागा सापडली. इंजेक्टरच्या गाडीवर हा प्रयोग न करता ती मिस्त्रीकडे न्यावी.

तार दुरुस्त करताना प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. झिजलेल्या जागी चांगली चिकटपट्टी गुंडाळून वर नळी चढवावी व तार पुन्हा घासणार नाही अशी बांधावी.

वाटेत फ्यूज उडाल्यास

डबीत बहुधा एक जादा फ्यूज ठेवलेला असतो. तो वापरल्यावर लगेच दुसरा आणून ठेवावा. चावी बंद करूनच फ्यूज बदलावा. योग्य आकड्याचा फ्यूज नसेल, तर त्याहून लहान घालावा. १० च्या जागी ७.५ चा चालेल. फार तर तो पुन्हा उडेल, पण तार वाचेल. मोठा मात्र घालू नये. काहीच मिळाले नाही आणि अंधार असेल, तर गाडी हाताने ढकलत न्यावी किंवा सोबत्याकडून फ्यूज मागवावा. दुधाची एक खेप चुकली तर त्या दिवसाचे नुकसान होते. गोठा पेटला तर सारा संसार जातो.

ग्रामसेवकांसाठी

या विषयावर भाषणापेक्षा प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक ठरेल. ग्रामसभेच्या दिवशी चावडीसमोर उभ्या असलेल्या गाड्यांची डबी मालकाच्या संमतीने उघडून, फ्यूजचा आकडा झाकणावरील आकड्याशी जुळतो काय, एवढे जरी सर्वांसमक्ष पाहिले, तरी पुष्कळांचे डोळे उघडतील. तारेचा तुकडा अथवा चांदी सापडल्यास मालकास न हिणवता तेथेच योग्य फ्यूज बसवून द्यावा. गावातील किराणा दुकानदाराने ७.५, १० आणि १५ अँपिअरचे थोडे फ्यूज ठेवावेत, असे त्यास सुचवावे. वस्तू गावातच मिळू लागली की तारेचा तुकडा वापरण्याचा मोह आपोआप कमी होतो.

थोडक्यात सांगावयाचे तर, पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा, फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी घालू नये, जादा दिव्यास स्वतंत्र फ्यूज द्यावा, आणि दुसऱ्यांदा उडालेल्या फ्यूजचे कारण शोधल्यावाचून तिसरा बसवू नये. उडालेला फ्यूज आपले काम करून गेलेला असतो. त्याने दाखविलेला दोष दूर करणे हे पुढचे काम मालकाचे आहे.